पाण्याची पाळी

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, पिंपळनेरच्या परिसरात, पांझरा नदीचा उगम आहे. साक्री व धुळे या भागांतील शिवारे भिजवीत ती मुडावदजवळ तापीस मिळते. तापी ते पाणी घेऊन पश्चिमेस वाहते. सारंगखेडे, प्रकाशे अशी गावे मागे टाकीत आणि नंदुरबार जिल्ह्याची काळी जमीन ओलांडीत ती गुजरातेत शिरते. नदीला गावाची वेस ठाऊक नसते, तालुक्याची सीमाही ठाऊक नसते. वरच्या गावाने पाणी अडविले, तर खालचे गाव तहानेने व्याकूळ होते. वरच्या गावाने ते घाण केले, तर खालच्या गावात रोगराई पसरते. म्हणून नदीकाठच्या माणसांना एकमेकांशी समजुतीनेच वागावे लागते. हे साधे सत्य ज्यांनी आपल्या कार्याच्या पायाशी ठेवले, अशा थोर पुरुषांत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची गणना होते. त्यांचा जन्म दूर म्हैसूर संस्थानात झाला. परंतु त्यांच्या कर्तृत्वाचा आरंभ खानदेशाच्या याच भूमीवर, पांझरेच्या काठी झाला.

विश्वेश्वरय्यांचे जन्मगाव मुद्देनहळ्ळी. त्यांचा जन्मदिवस १५ सप्टेंबर. वडील संस्कृताचे जाणते होते. घरी विद्या होती, पण पैसा नव्हता. मुलगा लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. आईने धीर सोडला नाही. मामाच्या आधाराने मुलगा बंगळूरला शिकू लागला. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून तो आपल्या शिक्षणाचा खर्च भागवी. बी. ए. ची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्यावर म्हैसूर सरकारने त्यांस शिष्यवृत्ती दिली आणि स्थापत्यशास्त्राच्या अभ्यासासाठी ते पुण्यास आले. १८८३ साली त्या परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक मिळविला. पुढच्याच वर्षी, १८८४ साली, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. प्रथम नाशिक आणि लगेच खानदेश असा त्यांचा नोकरीतील प्रवास सुरू झाला.

त्या काळी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिणेकडील डोंगररांगांपर्यंत सारा खानदेश एकच होता. १९०६ साली त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा बनला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा निराळा झाला. नकाशावरील रेषा अशा बदलत गेल्या. नद्या मात्र आपल्या जुन्याच मार्गाने वाहत राहिल्या.

खानदेशात विश्वेश्वरय्यांस पहिले अवघड काम मिळाले ते साक्री तालुक्यातील दातर्ती या गावाजवळ. पाटाचे पाणी एका काठावरून दुसऱ्या काठावर न्यावयाचे होते आणि मध्ये प्रवाहाचे पात्र आडवे आले होते. अशा ठिकाणी पात्राच्या तळाखालून नळ घालतात. एका बाजूने पाणी त्या नळात उतरते आणि दुसऱ्या बाजूस, किंचित खालच्या पातळीवर, आपल्याच दाबाने वर येते. यास सायफन म्हणतात. काम शास्त्राच्या दृष्टीने सोपे वाटते. पण दिवस पावसाळ्याचे होते. पाऊस कोसळू लागला, प्रवाह फुगला आणि खोदलेल्या जागी वाळू येऊन बसू लागली. तरुण अभियंत्याने वरिष्ठांस लिहिले की, पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे. वरिष्ठांस ते रुचले नाही. नव्या माणसाने पहिल्याच कामात माघार घ्यावी, ही त्यांस शिस्तीची उणीव वाटली.

येथे विश्वेश्वरय्यांची खरी कसोटी लागली. आपले म्हणणे खरे आहे असे मनात धरून ते रुसून बसले असते, तर त्यांच्या नोकरीचा आरंभच कडू झाला असता. त्यांनी तसे केले नाही. पाऊस, चिखल आणि वाहून येणारी वाळू यांच्याशी झगडत त्यांनी काम पुन्हा हाती घेतले आणि सुमारे दोन महिन्यांत ते पुरे केले. पाणी पलीकडच्या काठावर चढले. वरिष्ठांची नाराजी मावळली आणि दातर्तीचा तो सायफन विश्वेश्वरय्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

ज्या पांझरेच्या खोऱ्यात हे काम झाले, तेथे शेतीस पाणी देण्याची एक फार जुनी पद्धत नांदत होती. तिला फड पद्धत म्हणतात. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर गावकऱ्यांनी दगडी बंधारे घातले होते. बंधाऱ्यापासून पाट निघे, पाटापासून चाऱ्या निघत आणि जास्तीचे पाणी सांडव्यावाटे पुन्हा नदीस मिळे. गावच्या भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार मोठे भाग पाडीत. त्या प्रत्येक भागास फड म्हणत. एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यावयाचे, असा नियम होता. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात ज्वारी, अशी पिके असत आणि दर वर्षी ती फिरत. त्यामुळे एकाच जमिनीत वर्षानुवर्षे पाणी मुरून ती बिघडत नसे. जमिनीसही विसावा मिळे.

या पद्धतीचा खरा आधार दगडी बंधारा नव्हता. तो होता माणसांचा करार. पाणी सोडण्यासाठी पाटकरी नेमलेला असे. कोणत्या शेताची पाळी कधी, हे तो ठरवी. पिकांच्या राखणीस जागले असत. शेतकऱ्याने आपल्या हाताने चारीचे तोंड फोडावयाचे नाही, अशी शिस्त होती. पाटातील गाळ काढण्यास सर्व घरांतील माणसे एकत्र येत. पाऊस कमी झाला, तर पंच जमून त्या वर्षी किती फड भिजवावयाचे ते ठरवीत. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत वाटलेली असल्यामुळे टंचाईचा भार एकट्यादुकट्यावर पडत नसे. तो सर्वांच्या खांद्यांवर सारखा येई. वरच्याने भरपूर घ्यावे आणि खालच्याने आकाशाकडे पाहावे, हा अन्याय तेथे होऊ शकत नव्हता. शेकडो वर्षे ही व्यवस्था सरकारी हुकुमाशिवाय चालली.

पांझरेचा काठ सोडल्यावर विश्वेश्वरय्यांस अनेक ठिकाणी जावे लागले. १८९३ साली त्यांची नेमणूक सिंध प्रांतातील सक्कर या शहरी झाली. सिंधचा तो भाग तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. सिंधू नदी शहराच्या पायाशी वाहत होती. पण तिचे पाणी इतके गढूळ की, ते तसेच पिणे कठीण. पाणी गाळण्याचे मोठे हौद बांधावेत, तर नगरपालिकेजवळ तेवढा पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी निसर्गाचीच मदत घेतली. नदीच्या पात्रातच त्यांनी एक गोल विहीर खोदविली. नदीचे पाणी वाळूच्या थरांतून झिरपत त्या विहिरीत येई आणि वाटेत त्यातील गाळ वाळूत अडकून राही. तेथून ते बोगद्याने काठावर आणून पंपाने वर चढविले. आपल्याकडील स्त्रिया उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरे खणून निवळ पाणी भरतात, त्यामागील तत्त्व हेच आहे. नदीची वाळू म्हणजे पाणी गाळणारे वस्त्रच होय. ती उपसून नेली, तर नदी उघडी पडते आणि काठच्या विहिरीही आटू लागतात, हे आज अनेक गावांनी अनुभवले आहे.

सक्करनंतर काही वर्षांनी पुणे भागातील पाटबंधाऱ्यांचा कारभार त्यांच्याकडे आला. पुणे शहर व आसपासच्या शेतीस खडकवासल्याच्या तलावातून पाणी मिळे. पुराच्या दिवसांत सांडव्यावरून पुष्कळ पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात मात्र त्याची चणचण भासे. धरण उंच करावे, तर खर्च मोठा आणि जुन्या भिंतीस धोका. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर बसविण्यासाठी आपोआप उघडमीट करणारे दरवाजे योजिले. पाणी ठरलेल्या उंचीपर्यंत चढले की, ते दरवाजे स्वतःच उघडत. पूर ओसरला की पुन्हा मिटत. १९०३ साली हे दरवाजे बसले आणि मूळ भिंतीस हात न लावता तलावातील साठा सुमारे एकचतुर्थांशाने वाढला. या युक्तीचे स्वामित्व त्यांच्या नावे नोंदले गेले. परंतु सरकारी नोकरीत असता केलेल्या कामाबद्दल निराळा मोबदला घेणे त्यांस योग्य वाटले नाही. त्यांनी तो नाकारला.

परंतु नुसता साठा वाढवून प्रश्न सुटत नाही, हे नीरेच्या कालव्यावर दिसून आले. भाटघरच्या धरणाचे पाणी या कालव्याने बारामती, इंदापूर या अवर्षणग्रस्त भागांत पोहोचले होते. दुष्काळाने पोळलेल्या शेतकऱ्यांस ते अमृतासारखे वाटले. पण कालव्याच्या तोंडाजवळील शेतकरी आपल्या उत्तम जमिनींत दर वर्षी ऊस लावू लागले आणि त्यास बारमाही पाणी देऊ लागले. त्याचे दोन परिणाम झाले. कालव्याच्या शेवटी असलेल्या गावांस पाणी पुरेना; आणि जेथे पाणी अतिशय मुरले, तेथील जमिनी पाणथळ होऊन त्यांवर मीठ फुटू लागले. डबकी साचली, डास वाढले आणि हिवतापाने माणसे अंथरुणास खिळली. एकाच कालव्यावर एका टोकास तहान आणि दुसऱ्या टोकास अजीर्ण, असा विचित्र देखावा दिसू लागला.

यावर विश्वेश्वरय्यांनी १८९९ च्या सुमारास पाळीपाळीने पाणी देण्याची नवी पद्धत सुचविली. ठिकठिकाणच्या गावांतून ठरावीक क्षेत्राचे गट पाडावयाचे आणि त्याच गटांस कालव्याचे पाणी द्यावयाचे. गटाच्या एका भागात ऊस, दुसऱ्यात मध्यम पाण्याचे पीक, तिसऱ्यात थोड्या पाण्यावर येणारे धान्य, असा क्रम लावून पिके फिरवीत राहावयाचे. अशाने पाणी अधिक गावांस मिळेल आणि जमिनीही निरोगी राहतील, असा त्यांचा हिशेब होता. खानदेशातील फडांशी या पद्धतीचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल.

आरंभी या योजनेस विरोध झाला. ज्यांस मनास येईल तितके पाणी मिळत होते, त्यांस आपला हक्क जातो असे वाटले. वर्तमानपत्रांतूनही टीका झाली. विश्वेश्वरय्यांनी हुकुमाच्या बळावर योजना लादली नाही. ते शेतकऱ्यांपुढे गेले, आकडे मांडले, शंका ऐकून घेतल्या. पाणी थोडे आहे आणि माणसे पुष्कळ आहेत. तेव्हा प्रत्येकाने थोडे सोडल्याशिवाय सर्वांस काही मिळणार नाही, ही गोष्ट त्यांनी शांतपणे पटवून दिली. हळूहळू ही पद्धत लोकांनी स्वीकारली.

मुंबई सरकारच्या सेवेत सुमारे चोवीस वर्षे घालविल्यावर त्यांनी निवृत्ती पत्करली. पण विसावा त्यांच्या नशिबी नव्हता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबाद येथे मुसी नदीस भयंकर पूर आला. हजारो माणसे दगावली, घरेदारे वाहून गेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांस पाचारण केले. त्यांनी प्रथम शहराकडे नव्हे, तर शहराच्या वरच्या अंगास असलेल्या पाणलोटाकडे पाहिले. पूर शहरात दिसतो, पण तो जन्मास येतो दूरच्या माळरानांवर आणि तलावांच्या फुटलेल्या बांधांपाशी, हे त्यांनी ओळखले. मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर, शहराच्या वर, दोन मोठे जलाशय बांधावेत, असे त्यांनी सुचविले. त्यांपैकी उस्मान सागर १९२० साली आणि हिमायत सागर १९२७ साली पुरा झाला. शहरास पुरापासून संरक्षण मिळाले आणि पिण्यास स्वच्छ पाणीही मिळाले. शहरातील सांडपाणी नदीत न सोडता बंद गटारांनी दूर न्यावे, अशीही योजना त्यांनी आखून दिली.

१९०९ साली ते आपल्या मायभूमीस, म्हैसूर संस्थानात, मुख्य अभियंता म्हणून परतले. १९१२ पासून १९१८ पर्यंत ते तेथील दिवाण होते. कावेरीवरील कृष्णराज सागर हे धरण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम होय. १९११ साली त्याचा आरंभ झाला. पण कावेरी म्हैसुरात थांबत नाही; ती पुढे तामिळ देशात जाते. तेथील शेती शतकानुशतके तिच्यावर पोसलेली होती. वर धरण झाले, तर आपल्या वाट्याचे पाणी कमी होईल, अशी भीती मद्रास सरकारास वाटली. जो प्रश्न फडावर दोन शेतकऱ्यांत उभा राहतो, तोच येथे दोन राज्यांत उभा राहिला. लवाद नेमले गेले, वर्षानुवर्षे वाटाघाटी चालल्या. अखेर १९२४ साली दोन्ही सरकारांत करार झाला आणि धरणाची पूर्ण उंची गाठण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढेही या नदीच्या पाण्यावरून तंटे झाले. पाण्याचा करार एकदा करून भागत नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या जपावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

या धरणाच्या पाण्याखाली कन्नंबाडी हे जुने गाव गेले. धरणाने लाखो एकरांस पाणी मिळते, हे जसे खरे, तसेच त्यासाठी कोणाचे तरी घर, शेत आणि देऊळ बुडते, हेही खरे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील नर्मदाकाठच्या आदिवासी गावांनी सरदार सरोवराच्या वेळी हे दुःख सोसले आहे. पाण्याची वाटणी न्याय्य व्हावयाची, तर लाभाबरोबर हानीचीही वाटणी झाली पाहिजे. ज्यांनी आपली भूमी दिली, त्यांचा वाटा सर्वांच्या आधी काढून ठेवला पाहिजे.

थोर माणसांची सर्वच मते पुढील पिढ्यांस मान्य होतात असे नाही. मागासलेल्या वर्गांस सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा द्याव्यात, असा म्हैसूरच्या महाराजांचा विचार होता. विश्वेश्वरय्यांस तो पटला नाही आणि १९१८ साली त्यांनी दिवाणपद सोडले. या बाबतीत पुढच्या काळाने महाराजांचा पक्ष उचलून धरला. परंतु पद सोडतानाही त्यांनी मनात कटुता ठेवली नाही आणि देशाचे काम कधी थांबविले नाही. शाळा, कारखाने, पाणीपुरवठा, गटारे, धरणे अशा अनेक विषयांवर ते अखेरपर्यंत सल्ला देत राहिले. १९५५ साली भारत सरकारने त्यांस भारतरत्न हा सर्वोच्च किताब दिला. १९६० साली त्यांची जन्मशताब्दी त्यांच्या देखत साजरी झाली. एप्रिल १९६२ मध्ये त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांचा जन्मदिवस आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

ज्या पांझरेच्या काठी त्यांच्या नोकरीचा आरंभ झाला, तेथील चित्र आता पुष्कळ पालटले आहे. नद्यांच्या वरच्या भागांत धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, नदीचे बारमाही वाहणे कमी झाले आणि अनेक गावांचे फड मोडले. काही ठिकाणी मात्र जुनी पाळी अजून पाळली जाते. त्याच साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने डोंगरावरील जंगल राखले, ओहोळांवर बांध घातले आणि वाहून जाणारी माती व पाणी अडविले. एके काळी पाण्यासाठी वणवण करणाऱ्या त्या गावास आता पाणी पुरते. डोंगरावर झाड उभे राहिले, तर मातीस धर मिळतो. माती राहिली, तर पाणी मुरते. आणि पाणी मुरले, तरच खालच्या शिवारातील विहिरीस झरा लागतो. ही साखळी एका गावाची नसते. सातपुड्याच्या माथ्यावर राहणारा पावरा वा भिल्ल शेतकरी आणि तापीकाठचा बागाईतदार हे एकाच साखळीचे दोन दुवे आहेत.

विश्वेश्वरय्यांनी लोखंडाचे दरवाजे केले, दगडाची धरणे बांधली, जमिनीखालून नळ नेले. त्यांतील काही पुढे जुनी होतील, काही मोडतील. परंतु त्यांच्या कामामागे असलेला विचार जुना होणारा नाही. पाणी ज्याच्या शेताशी आधी पोहोचते, त्याचेच ते नसते. जो शेवटी उभा आहे, त्याचाही त्यावर तेवढाच हक्क असतो. आपली पाळी संपताच चारीचे तोंड बंद करून पुढच्यास पाणी सोडणारा शेतकरी आणि नदीचे पाणी निर्मळ ठेवून पुढच्या गावास देणारे गाव, हे दोघेही त्या थोर अभियंत्याचे खरे वारसदार होत.